ट्रान्सफॉर्मरची जागा

या घरातली एकही बैठक आजवर संपलेली नव्हती. सुरू सगळ्या झाल्या होत्या, पण प्रत्येक बैठकीतून कोणी ना कोणी उठून गेलं होतं, आणि तो माणूस नसताना पुढे बोलण्यात अर्थ नाही म्हणून बाकीचेही उठले होते. हा पायंडा वडिलांनी पाडला. ते उठताना खुर्ची मागे सरकवत नसत, पाडत. थोरला मुलगा ‘मला यात पडायचंच नाही’ असं म्हणून उठे आणि पुढचा तासभर दारात उभा राहून त्यातच पडत राही. धाकटा काही न बोलता उठे, अंगणातल्या शेडमध्ये जाई आणि जनरेटर सुरू करी. मग कोणाचं कोणाला ऐकू येत नसे.

ट्रान्सफॉर्मरच्या जागेसाठी बोलावलेली आजची बैठकही त्याच वाटेने जाणार याबद्दल धाकट्याला शंका नव्हती. किंबहुना तोच त्याचा बेत होता.

गल्ली त्याला धुरंधर म्हणायची. धंद्यात मुरल्यामुळे हे नाव पडलं असं तो पाहुण्यांना सांगे. खरं म्हणजे ते धुरामुळे पडलं होतं. वडिलांनी आणलेला तो एका सिलिंडरचा डिझेल जनरेटर वीज गेली की हँडल मारून सुरू व्हायचा, आणि वीज तर येण्यापेक्षा जाण्यातच वाकबगार होती. शेडमधून निघालेल्या धुरंधरच्या तारा गच्च्यांवरून, खिडक्यांवरून, कपड्यांच्या दोऱ्यांना चुकवत अर्ध्या गल्लीत पोचल्या होत्या. लेथवाला, शिंपीण, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा छोटा दवाखाना, सगळे त्याच्या तारेवर. अंधार झाला की गल्लीतली माणसं आधी आभाळाकडे नाही, त्याच्या शेडकडे बघायची. ती नजर धुरंधरला फार प्रिय होती.

आता वीज मंडळ गल्लीला नवा ट्रान्सफॉर्मर देणार होतं. तो बसला की वीज दिवसभर टिकेल, दाबही पुरेल, आणि एका दिव्याच्या खोलीलाही परवडेल अशा दरात मीटर मिळेल, असं मंडळाच्या इंजिनिअर बाई सांगून गेल्या होत्या. गल्लीत तो बसवण्याइतकी मोकळी जागा एकच होती, ती म्हणजे या घराचं अंगण. अंगण तिघा भावंडांच्या सामाईक मालकीचं. थोरला दादा मनापासून तयार होता. तो गल्लीतल्या प्रत्येक समितीचा अध्यक्ष होता आणि जिथे समिती नव्हती तिथे स्थापन करून अध्यक्ष झाला होता. आक्का, दोघांची मोठी बहीण, म्हणाली होती की तुम्ही दोघं एक व्हा, मी तिसरी आहेच. राहिला धुरंधर. उजेडाला विरोध करणारा माणूस म्हणून आपलं नाव व्हावं हे त्याला नको होतं, त्यामुळे तो एकदाही नाही म्हणाला नव्हता. फक्त दोनदा उठून गेला होता.

बैठक आक्काच्या खोलीत होती. दोन्ही भावांच्या बिऱ्हाडांमधली ती तिसरी खोली, म्हणून तटस्थ. शिवाय आक्काला तिथून हलता येत नव्हतं. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली ती दोन ट्रंका आणि अंडी उबवायची एक पेटी घेऊन. पेटी म्हणजे एक जुनं लाकडी कपाट, आत दिवे, पंखा, पाण्याची थाळी आणि थर्मामीटर. त्या कपाटातून तिने आजवर एवढी पिल्लं काढली होती की आसपासच्या प्रत्येक खुराड्यात तिची नातवंडं होती, असं ती स्वतःच म्हणे. या खेपेची अंडी उद्या-परवा फुटायची होती. कपाटाला कान लावला तर आतून बारीक चिवचिव ऐकू यायची.

वीज सकाळीच गेली होती. बाहेर ढगाळ, बोचरी थंडी. शेडमध्ये जनरेटर धडधडत होता, त्यामुळे बैठकीत सगळे ओरडूनच बोलत होते, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

इंजिनिअर बाई तिसऱ्यांदा आल्या होत्या. वयाने लहान, पण या घरात दोन बैठका काढल्यामुळे चेहरा पोक्त झालेला. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की आज तिघांची संमती मिळाली नाही तर हा ट्रान्सफॉर्मर पलीकडच्या वस्तीला जाईल आणि तुमच्या गल्लीचा विचार पुढच्या वर्षी होईल. होईलच असंही नाही.

दादाने आक्काकडे बघून सांगितलं, “आक्का, तुझ्या भावाला म्हणावं, गल्लीचं भलं त्याच्या हातात आहे.” दोन बिऱ्हाडांमध्ये भिंत घालण्यावरून भांडण झालं तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी थेट बोलत नव्हते. जे काही असेल ते आक्कामार्फत.

“आक्का,” धुरंधर म्हणाला, “तुझ्या भावाला म्हणावं, मी पाणी पिऊन येतो.”

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. घरात पाण्याचा माठ समोरच होता.

शेडमध्ये जाऊन धुरंधरने डिझेलचा खटका खाली ओढला. जनरेटर थांबला. त्याचा हिशेब सरळ होता. पाच मिनिटं सगळी गल्ली ठप्प होऊ द्यायची. इंजिनिअर बाईंना कळू द्यायचं की मंडळाची वीज गेली तरी कोणाच्या जिवावर इथली माणसं जगतात. मग पुन्हा हँडल मारायचं. पलीकडे लेथचं घरघरणं थांबलं, दिवा गेल्यामुळे शिंपिणीचं पायमशीन थांबलं, कोणीतरी ‘अरे, गेली’ म्हणालं. धुरंधर हे संगीत ऐकावं तसं ऐकत उभा राहिला.

मग त्याने हँडल लावलं आणि जोर केला. काहीतरी कटकन तुटलं आणि हँडल त्याच्या हातात नुसतंच गरगर फिरू लागलं.

हँडलची पिन तुटली होती. जास्तीची पिन त्याने मागच्या वर्षी वापरली होती आणि नवी करून ठेवायची राहिली होती. तेवढ्यात लेथवाला विचारपूस करायला आला. धुरंधरने त्याला तुटकी पिन दाखवली. एवढंच ना, लेथवाला म्हणाला, दहा मिनिटांचं काम, आत्ता करून देतो. आणि तो वळला आणि जागच्या जागी थांबला. लेथ चालायला वीज हवी होती. वीज द्यायला जनरेटर हवा होता. जनरेटर चालायला पिन हवी होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि लेथवाला सभ्य माणूस असल्यामुळे काही न बोलता निघून गेला.

धुरंधर खोलीत परतला आणि जनरेटर बिघडल्याचं त्याने सांगितलं. दादा म्हणाला, “आक्का, तुझ्या भावाला विचार, हे आजच कसं झालं?” पण आक्काचं लक्ष नव्हतं. ती कपाटाच्या काचेला नाक लावून थर्मामीटर बघत होती. इंजिनिअर बाईंनी फोन लावून विचारलं. मुख्य लाइनवर बिघाड होता, दुरुस्तीला माणसं गेली होती, दुपारपर्यंत बघू म्हणत होते.

“दुपारपर्यंत पेटी गार पडेल,” आक्का म्हणाली. “लाकूड जुनं आहे, फटी पडल्यात. आज पुन्हा ही थंडी.”

ती ओरडली नाही, रडली नाही. त्यामुळेच धुरंधरला तिच्याकडे बघवेना. या खेपेची पिल्लं गिऱ्हाइकांना आधीच कबूल केलेली होती, आणि त्या आधारावर आक्का दुसरी पेटी करायची म्हणत होती, हे त्याला ठाऊक होतं. हे सगळं शेडमध्ये खटका ओढताना आठवलं असतं तर बरं झालं असतं.

एवढ्यात त्याची मुलगी आली. ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नर्स होती. लसींच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या पिशव्या घालून तो बंद करून ठेवलाय, तो संध्याकाळपर्यंत तग धरेल, असं तिने सांगितलं. “पण त्याच्यापुढे नाही, बाबा,” ती म्हणाली. सुरात तक्रार नव्हती. असती तर तो भांडला तरी असता. आत्याच्या पेटीकडे तिची नजर गेली आणि गरम पाण्याच्या पिशव्या आणते म्हणून ती उलट पावली पळाली. दवाखान्यात अशा दोनच पिशव्या होत्या.

“दोन पुरायच्या नाहीत,” आक्का म्हणाली. मग ती वळली आणि खोलीतल्या माणसांकडे तिने अशा नजरेने पाहिलं की सगळे जरा मागे सरकले. “पण माणसं आहेत ना.”

पुढच्या काही मिनिटांत आक्काने घरातल्या झाडून सगळ्या टोपल्या, परड्या, कापसाच्या उशा आणि चादरी गोळा केल्या. टोपलीत उशी, उशीवर अंडी, टोपली मांडीवर, वरून चादर अंगाभोवती लपेटून घ्यायची, हात आत. दादाला एक टोपली, वहिनीला एक, धुरंधरला एक, त्याच्या बायकोला एक. पिशव्या उरलेल्या अंड्यांपाशी, पेटीत. इंजिनिअर बाई म्हणाल्या की मी सरकारी कामावर आहे. आक्का म्हणाली, मग हेही लोकांच्याच कामाचं आहे, आणि त्यांच्याही मांडीवर टोपली ठेवली.

“हलायचं नाही,” तिने बजावलं. “आत पिल्लं चोच मारायच्या बेतात आहेत. टोपली कलंडली की संपलं. आणि उठायचं तर मुळीच नाही.”

“किती वेळ?” दादाने विचारलं.

“वीज येईपर्यंत.”

भिंतीच्या भांडणानंतर पहिल्यांदाच दोघा भावांनी एकमेकांकडे सरळ पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर तीच भीती होती. या बैठकीतून उठून जाता येणार नव्हतं.

खोलीत असं काही शांत झालं की सगळे अवघडले. पाच माणसं मानेपर्यंत चादरी लपेटून, केस कापायला बसल्यासारखी गोलाकार बसलेली. चादरीखालून कुठेतरी चिवचिव. धुरंधरच्या शेजारी त्याची बायको होती. ती पुटपुटल्यासारखं म्हणाली, “एक सांगू? जनरेटर बंद पडताना आधी खोकतो. इतकी वर्षं ऐकतेय मी. आज खोकला नाही.”

धुरंधर समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

“मी कोणाला सांगणार नाही,” ती म्हणाली. “पण शिंपीण एका दिव्यासाठी तुम्हाला जेवढं देते, तेवढ्यात मीटरवर तिचं मशीनसुद्धा चालेल. हे तिने मला सांगितलंय. तुम्हाला सांगायला ती भिते. तुम्ही तार कापाल म्हणून.”

शिंपीण आपल्याला भिते हे धुरंधरला नवीन होतं. ती नेहमी हसून बोलायची. त्या हसण्याला तो आदर समजत आला होता.

इंजिनिअर बाईंनी घसा साफ केला. बसलोच आहोत तर आपण आलेलं काम सांगून टाकावं असं त्यांना वाटलं असावं. जागेची मापं पूर्ण झाली आहेत, त्या म्हणाल्या. अंगणात तेवढी जागा दोनच कोपऱ्यांत निघते. जनरेटरच्या शेडचा कोपरा घराच्या भिंतीला फार चिकटून आहे, तिथे सुरक्षित अंतर मिळत नाही आणि क्रेनही आत शिरत नाही. तेव्हा जागा दुसरी. त्या समोरच्या कोपऱ्यात मोटार उभी आहे, तिथे.

धुरंधरला क्षणभर कळलं नाही. मग त्याने दादाच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं.

मोटार दादाची होती. गेले कित्येक महिने दादा गल्लीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर उभा राहून प्रकाशाविषयी भाषणं देत होता, ते जनरेटरची शेड जाणार या भरवशावर. आता त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो सरसावून बसणार होता, पण मांडीवरच्या टोपलीने त्याला तिथेच धरलं. मान तेवढी पुढे आली.

घाई करण्यात अर्थ नाही, दादा म्हणाला. ट्रान्सफॉर्मर रात्रंदिवस गुणगुणतो असं ऐकलंय. ते आवाज मेंदूत जातात. तेल गळतं. विजा ओढल्या जातात. आणि मुख्य म्हणजे गल्लीला अंधारात कोणी ठेवलंय? जनरेटर आहे की. इतकी वर्षं बिचारा ऊन-पाऊस न बघता राबतोय. त्या जनरेटरचे, आणि तो चालवणाऱ्याचेही, उपकार गल्लीने विसरू नयेत.

थोरल्या भावाच्या तोंडून आपलं कौतुक धुरंधरने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं आणि ते ऐकून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी तो उठून गेला असता. पाय तसे हललेही. टोपलीत अंडी एकमेकांवर टकटकली, आणि आक्काने डोळे वटारले. उठता येत नाही म्हटल्यावर बोलणं भाग होतं, आणि बोलायची सवय नसल्यामुळे तो जे आलं ते बोलत सुटला.

आता विजा ओढल्या जातात काय, तो म्हणाला. मोटार हलवावी लागणार म्हटल्यावर मेंदूत आवाज जायला लागले काय. जनरेटरचा दाब पुरत नाही म्हणून लेथवाल्याला महिन्यातून निम्मे दिवस हात चोळत बसावं लागतं. दवाखान्यातला फ्रीज माझ्या एका पिनेवर चालतो, आणि पिन तुटली की झालं. इस्त्रीवाला कोळसा फुंकून खोकतो. शिंपीण एका दिव्याला एवढे पैसे देते की तेवढ्यात तिचं मशीन चाललं असतं. जनरेटरचे उपकार कसले, जनरेटर म्हणजे नाइलाज. माणसाला वीज नळाच्या पाण्यासारखी मिळाली पाहिजे, कोणाच्या शेडकडे न बघता. “बाई,” तो म्हणाला, “माझी संमती आहे. ट्रान्सफॉर्मर मोटारीच्याच जागेवर बसवा.”

बोलून झाल्यावर तो धापा टाकत थांबला. मग हळूहळू, थंड पाण्यात पाय बुडत जावा तसं, आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. दादाला खिजवायच्या नादात त्याने स्वतःचा धंदा बुडवला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, बोललेल्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

आक्का अंड्यांवर चादर नीट करत म्हणाली, “म्हणजे आता हा हो म्हणतो आणि तो नाही म्हणतो. मघाशी उलटं होतं. मी मध्येच चहा ठेवायला गेले असते तर पुरतीच फसले असते.”

इंजिनिअर बाईंना हसू आवरेना, पण टोपली हलेल म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटले.

आता सगळ्यांचे डोळे दादावर. त्याने आधारासाठी बायकोकडे पाहिलं. वहिनी आजवरच्या सगळ्या बैठकांत नवऱ्याच्या बाजूने होती. तिची बाजू घेण्याची पद्धत म्हणजे गप्प बसणं. आज तिने तोंड उघडलं.

“ती मोटार शेवटची कधी हलली, सांगता का?” ती म्हणाली. “चारही टायर मातीत गेलेत. डिकीत आक्कांची कोंबडी अंडी घालते. आणि त्या खटाऱ्यापायी गल्लीची वीज अडवायची?”

“वहिनीसुद्धा?” दादा कळवळला. भर बैठकीत तो बायकोला वहिनी म्हणाला हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

मोटार विकायला काय हरकत आहे, असं धुरंधरच्या बायकोने विचारलं. दादा म्हणाला, विकायची नाही. मग भंगारात द्या. द्यायची नाही. मग दुसरीकडे उभी करा. कुठे करू? त्याचा आवाज चढला, मग टोपलीची आठवण होऊन उतरला. प्रत्येक उत्तराबरोबर तो चादरीत आणखी आत जात होता, आणि शेवटी फक्त चष्मा बाहेर राहिला.

वहिनी काहीतरी तिखट बोलणार होती, पण नवऱ्याकडे पाहून तिचा स्वर बदलला. ती इतरांना म्हणाली की ते रोज दुपारी पेपर घेऊन त्या मोटारीत जाऊन बसतात. काचा वर करून. तासभर. पेपर वाचतात असंही नाही, मी खिडकीतून बघते. नुसते बसतात.

कोणी हसलं नाही. दादाने चादरीतून मान बाहेर काढली. मग आक्कामार्फत नाही, कोणामार्फतच नाही, समोर बघून तो म्हणाला, “दार उघडलं की कोणीतरी अर्ज घेऊन उभा असतो. नळ आला नाही, गटार तुंबलं, अध्यक्ष तुम्ही बघा. मोटारीत बसलो की कोणी विचारत नाही. लोकांना वाटतं, हा कुठेतरी निघालाय.”

धुरंधर ते ऐकत होता. त्याला स्वतःची शेड आठवली. धूर, डिझेलचा वास, मोडका स्टूल, आणि असा धडधडाट की आत कोणी आलं तरी बोलता येऊ नये. त्या आवाजाला सगळे वैतागत. तो आत जाऊन बसला की त्याला मात्र सुटल्यासारखं वाटे. इतकी वर्षं एकाच अंगणाच्या दोन टोकांना आपण दोघे भाऊ आपापल्या पत्र्याखाली लपून बसत होतो, हे त्याला त्या दुपारी मांडीवर अंडी घेऊन बसल्यावर कळलं.

“दादा,” तो म्हणाला. भिंतीच्या भांडणानंतर पहिलाच शब्द. “जनरेटर गेला की शेड रिकामीच होणार. मोटार तिथे उभी कर.”

दादाने चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं. “आणि तू?”

“मी काय. वायरिंगची कामं करीन. सगळ्या गल्लीला मीटर यायचे म्हणजे घराघरांत तारा ओढाव्या लागतील. माझ्यासारखा माणूस लागेलच.” हे त्याने त्याच क्षणी जुळवलं होतं, पण बोलून गेल्यावर ते तितकंसं वाईट वाटलं नाही.

“शेडला खिडकी नाही,” दादा म्हणाला.

“पाडून देतो.”

“डिझेलचा वास जाणार नाही.”

“वर्षभरात जाईल. तोवर काचा वर कर.”

दादाची मान पुन्हा चादरीत गेली. तो नाही म्हणायला तोंड उघडणार असं सगळ्यांना वाटत होतं. तेवढ्यात तो एकदम दचकून ताठ झाला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “आक्का, काहीतरी टोचतंय.”

आक्काने चादर वर केली. एका अंड्याला चीर गेली होती आणि चिरेतून इवलीशी चोच बाहेर येऊन दादाच्या तळहाताला डिवचत होती. गल्लीतल्या सात समित्यांचा अध्यक्ष तोंड उघडं टाकून बघत बसला. “हात काढून घेऊ?” त्याने विचारलं. काढू नकोस, आक्का म्हणाली, त्याला ऊब हवीय. मग त्याने हात काढला नाही. आणि हात तसाच ठेवून, नजर त्या चोचीवरून न हलवता तो म्हणाला, “बाई, माझं हो लिहा. शेडला खिडकी करून मिळणार आहे तेही लिहा.”

खिडकी लिहिता येणार नाही, इंजिनिअर बाई म्हणाल्या. आणि हो तरी लिहायचं कसं, त्यांचेही दोन्ही हात चादरीत होते. आक्का म्हणाली की माझंही हो आहे, सही सावकाश घ्या, आता कोणी पळून जात नाही.

जरा वेळाने खोलीतला दिवा लागला. लाइन दुरुस्त झाली होती. पेटीतला पंखा फिरू लागला, दवाखान्याच्या बाजूने कोणीतरी टाळ्या वाजवल्या, पलीकडे लेथ घरघरलं. आता उठायला मोकळीक होती. तरी कोणी पटकन उठलं नाही. दादा आणि धुरंधर खिडकी पूर्वेला घ्यावी की उत्तरेला यावर बोलत होते, आणि ते बोलणं अर्धवट टाकून उठणं दोघांनाही प्रशस्त वाटत नव्हतं.

त्या खेपेची थोडी अंडी वाया गेली, बहुतेक फुटली. आक्का म्हणाली, तोटा सोसवेल एवढाच आहे. धुरंधरने दुसऱ्या दिवशी तिला खटक्याची गोष्ट स्वतःहून सांगितली. ती म्हणाली की मला माहीत आहे, तुझ्या बायकोसारखेच मलाही कान आहेत. मग तिने त्याला दुसऱ्या पेटीची वायरिंग फुकट करायला लावली.

मोटार हलवायला सगळी गल्ली लागली. टायर मातीतून निघाले तेव्हा डिकीतली कोंबडी ओरडत बाहेर पडली आणि दिवसभर कोणाला जवळ येऊ देईना. जनरेटर एका इमारतीच्या बांधकामावर गेला. तो ट्रकवर चढवताना धुरंधर तिथे थांबला नाही, शिंपिणीकडे बोर्ड बसवायला गेला. बोर्ड बसवून झाल्यावर शिंपिणीने मशीन चालवून बघितलं, मग पुन्हा चालवलं, आणि त्याला शर्टाचं माप द्यायला उभं केलं. तिच्या हसण्याकडे त्याने या वेळी जरा नीट पाहिलं.

ट्रान्सफॉर्मर सुरू झाला त्या संध्याकाळी दिवे लागले आणि लागलेलेच राहिले. गुणगुण म्हणावी तर कान देऊन ऐकावी लागत होती. धुरंधर दाराबाहेर बसून पक्कड पुसत होता, बायको शेजारी. सवयीने ती ओरडून म्हणाली की उद्या दळण आणायचंय. पलीकडून शिंपीण ओरडून आपल्या मुलाला अभ्यासाला बसवत होती, इस्त्रीवाला ओरडून बायकोची समजूत काढत होता. संध्याकाळच्या वेळी जनरेटरच्या वर आवाज चढवून बोलायची सगळ्या गल्लीची सवय. आता जनरेटर नव्हता आणि सगळ्या गल्लीचं सगळ्या गल्लीला स्पष्ट ऐकू येत होतं. एकेक करून माणसं दचकून आवाज उतरवू लागली.

दादाच्या हे अजून लक्षात आलं नव्हतं. तो शेडमध्ये, मोटारीत बसला होता. नवी खिडकी उघडी होती आणि वहिनी चहा घेऊन खिडकीशी उभी होती. दादाचा आवाज अंगणभर घुमला.

“त्याला सांगू नकोस, डोक्यावर बसेल. पण त्या दिवशी तो मोठेपणाने वागला. मला नसतं जमलं.”

आक्का तिच्या दारात आली. बायकोने धुरंधरकडे बघितलं. धुरंधरने पक्कड खाली ठेवली, पुसायचं फडकं नीट घडी करून तिच्यावर ठेवलं, आणि शेडच्या दिशेने तोंड करून शांतपणे विचारलं,

“काय म्हणालास दादा? नीट ऐकू नाही आलं. परत म्हण बघू.”